एसएमईचा टोनआर्म पुन्हा सुटा मिळू द्या: पुण्यातून एक खुलं पत्र

पुणे, १६ एप्रिल २०२३

प्रति,
श्री. अजय शिर्के आणि केडन्स समूहाचे संचालक,
तसेच एसएमई लिमिटेडचे व्यवस्थापक, स्टेनिंग, वेस्ट ससेक्स

सप्रेम नमस्कार.

हे पत्र इंग्रजीत लिहून थेट स्टेनिंगला पाठवता आलं असतं. मुद्दाम मराठीत लिहितोय, कारण टोनआर्मच्या, म्हणजे तबकडीवरची सुई धरणाऱ्या दांडीच्या, जगातलं सगळ्यात मानाचं नाव, एसएमई, २०१६ पासून एका पुणेकर उद्योजकाच्या समूहाकडे आहे आणि खुद्द पुण्यात ही गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. ज्या वर्षी मुंबईत काळ्या घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्डींचं दुकान बंद झालं, त्याच वर्षी केडन्सने एसएमई घेतली. रेकॉर्डींवर जीव असलेल्या आम्हा मंडळींसाठी एकाच वर्षातली एक बातमी हळहळ लावणारी होती, दुसरी मान उंच करणारी.

मग २०१९ चा डिसेंबर आला. एसएमईने जाहीर केलं की यापुढे टोनआर्म सुटा विकला जाणार नाही. हवा असेल तर एसएमईच्याच टर्नटेबलवर, म्हणजे तबकडी फिरवणाऱ्या यंत्रावर, बसलेला मिळेल. १९५९ पासून साठ वर्षं चाललेली विक्री तिथे थांबली. माझी विनंती एवढीच आहे की तो निर्णय फिरवावा.

मी पिंपरीच्या एका कारखान्यात, साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या टूलरूममध्ये, एकतीस वर्षं काढली. डाय, जिग, फिक्श्चर, गेज यांतच आयुष्य गेलं. रेकॉर्डींचा नाद वडिलांचा. त्यांच्या मागे चारशेच्या आसपास तबकड्या माझ्याकडे आल्या. निम्म्या लाखेच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, निम्म्या एलपी. बालगंधर्व आहेत, मास्टर दीनानाथ आहेत, हिराबाई बडोदेकर आहेत, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३० च्या दशकातल्या ओडियन कंपनीच्या तबकड्या आहेत. यातल्या काहींना तडा गेलाय, काहींच्या कडा उडाल्यात. पण खाचेत गाणं शाबूत आहे, आणि ते बाहेर काढणारी सुई ज्या दांडीच्या टोकाला बसते त्या दांडीबद्दल हे पत्र आहे.

ज्यांनी हे यंत्र कधी जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. तबकडी कापणाऱ्या यंत्रात कापणारी सुई कडेकडून मध्याकडे सरळ रेषेत सरकते. आपल्या घरचा टोनआर्म मात्र एका खुंटीभोवती फिरतो, म्हणजे त्याची सुई कमानीत जाते. सरळ रेषेत कापलेलं कमानीत वाचायचं. म्हणून आर्म थोडा वाकवतात, सुई तबकडीच्या मध्यापुढे थोडी काढतात, आणि या दोन्हींचा मेळ बसला की तबकडीवर दोनच जागा अशा सापडतात जिथे सुईचा कोन तंतोतंत बरोबर असतो. बाकी सगळीकडे चूक शक्य तेवढी कमी ठेवायची. एसएमईच्या सीरिज पाच या आर्ममध्ये टर्नटेबलच्या मध्यापासून आर्मच्या खुंटीपर्यंतचं अंतर २१५.३५ मिलिमीटर आहे. दशांशानंतरचे ते दोन आकडे उगाच दिलेले नाहीत. टूलरूममधल्या माणसाला त्यांचा अर्थ लगेच कळतो.

शिवाय हा आर्म पिसासारखा सहज हलला पाहिजे आणि तरीही स्वतः थरथरता कामा नये. एलपीची सुई दीड-दोन ग्रॅम भाराने टेकते. तबकडी जरा वाकडी असली तर आर्मने तिच्याबरोबर वरखाली व्हायचं, पण खर्जातल्या सुरांबरोबर मात्र हलायचं नाही. आर्मचं वजन आणि सुईच्या दांडीचा लवचीकपणा यांची जोडी अशी जमवावी लागते की दोघांचं मिळून होणारं डोलणं सेकंदाला आठ ते बारा वेळांच्या आसपास राहील. त्याच्या खाली तबकडीचा वाकडेपणा, त्याच्या वर संगीत. मधल्या अरुंद जागेत बसायचं. हे जमलं नाही तर तंबोऱ्याचा खर्ज फुगून येतो आणि गायकाचा आवाज त्याच्या मागे दडतो. माझ्याकडे आधी होता त्या साध्या प्लेअरवर मी हे वर्षानुवर्षं ऐकलं, आणि दोष तबकडीचाच आहे असं समजत राहिलो.

एसएमईची सुरुवात १९४६ ची. ॲलिस्टेअर रॉबर्टसन-एकमन यांनी काढलेली ही कंपनी आधी छोट्या प्रतिकृतींचे, मॉडेलांचे भाग बनवायची. नावातली तीन अक्षरं तिथूनच आली. १९५९ मध्ये त्यांना स्वतःच्या ऐकण्यासाठी चांगला आर्म हवा होता, बाजारात मनासारखा मिळेना, म्हणून त्यांनी तो आपल्याच कारखान्यात बनवून घेतला. मित्रांनी ऐकला, मित्रांना हवा झाला, आणि ३०१२ बाजारात आला. त्यापाठोपाठ आखूड ३००९. ही हकिगत तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, पण ती इथे मांडण्याचं कारण आहे. एसएमईने पहिला आर्म बनवला तेव्हा तिचं स्वतःचं टर्नटेबल नव्हतं. ते यायला पुढे तीस वर्षं लागली. म्हणजे इतका काळ हा आर्म दुसऱ्यांच्या टर्नटेबलांवर जगला आणि तिथेच त्याने नाव कमावलं.

कोणाच्या टर्नटेबलांवर? स्विंडनच्या गॅरार्ड ३०१ वर, १९५४ चं यंत्र. पुढे ४०१ वर. स्वित्झर्लंडच्या थोरेन्स टीडी १२४ वर. जपानच्या टेक्निक्स एसपी-१० वर. ही सगळी यंत्रं आर्मशिवाय विकली जायची. आर्म ज्याने त्याने आपल्या पसंतीचा बसवायचा. यातली कितीतरी आजही फिरताहेत. ओतीव धातू आणि जाडजूड मोटर. तेल-पाणी केलं तर आणखी पन्नास वर्षं जातील. त्यांना काय लागतं? आर्म.

आणि यातल्या गॅरार्डचं नावही आज तुमच्याच समूहाकडे आहे! जुनी ३०१ यंत्रं पूर्ण उघडून, नव्याने बांधून तुम्ही विकता. ते काम बघून मला मनापासून आनंद झाला होता. गॅरार्ड जगवायचं ज्यांना सुचलं, त्यांना हे सांगायची गरज पडू नये की जगात विखुरलेली बाकीची हजारो गॅरार्ड यंत्रंही कुणाच्या तरी घरात चालू आहेत आणि त्यांच्या मालकांना पूर्ण नवं यंत्र घ्यायचं नाहीये, फक्त आर्म हवाय.

२०१९-२० चा तो हिवाळा सगळ्याच बाजूंनी वाईट गेला. डिसेंबरात तुमचा निर्णय. फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग गावी अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला. एलपी कापण्यासाठी लागणाऱ्या लॅकरच्या चकत्या बनवणारे जगात दोनच कारखाने होते, त्यातला तो एक. आणि काही महिन्यांतच जपानच्या जेल्कोने दार लावलं. जेल्को म्हणजे शंभर वर्षांची जुनी कंपनी. स्वतःच्या नावाने आर्म विकायची आणि कितीतरी दुसऱ्या ब्रँडांनाही करून द्यायची. त्यांनी कारणं मोकळेपणी सांगितली होती: यंत्रं म्हातारी झाली, माणसं म्हातारी झाली, वर कोविड. मी ते वाचलं तेव्हा माझ्या टूलरूमची आठवण आली. आमच्याकडे एक मिस्त्री होते. ग्राइंडिंगवर हात ठेवून चाक कधी ड्रेस करायचं, म्हणजे घासून ताजं करायचं, ते सांगायचे. ते निवृत्त झाले आणि सहा महिने आमचे गेज नापास होत राहिले. ते ज्ञान कुठल्याच ड्रॉइंगवर लिहिलेलं नव्हतं.

म्हणून बंद पडलेले आर्म परत येतील का, या प्रश्नाला माझं प्रामाणिक उत्तर असं आहे की बहुतेक येणार नाहीत. जेल्कोचे येणार नाहीत. जपानमधले सत्तरच्या दशकातले ते देखणे आर्म, ज्यांच्यासाठी आज लोक वाटेल ती किंमत मोजतात, तेही नाहीत. डाय भंगारात गेल्या, माणसं गेली. टेक्निक्सचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. एसएल-१२०० ही टर्नटेबलांची मालिका त्यांनी २०१० मध्ये थांबवली. लोकांनी मागणी सोडली नाही. २०१६ मध्ये ती परत आली, पण तोवर जुन्या डाय खराब झाल्या होत्या, बरीचशी हत्यारं शिल्लकच नव्हती, आणि जवळजवळ सगळं नव्याने उभं करावं लागलं. नव्या यंत्राची किंमत जुन्याच्या कितीतरी पट निघाली. अवघ्या सहा वर्षांच्या खंडाची ही किंमत.

तुमचं तसं नाही, आणि या पत्रातला माझा मुख्य मुद्दा हाच आहे. एसएमईचा आर्म बंद पडलेलाच नाही. तो आजही स्टेनिंगमध्ये बनतो, तुमच्या प्रत्येक टर्नटेबलवर बसून बाहेर पडतो. डाय आहेत, फिक्श्चर आहेत, बेअरिंग बसवणारे हात आहेत, तपासणीची गेजं आहेत. दुसऱ्या कुठल्याही कंपनीला आर्म परत आणायचा तर कारखाना उभा करावा लागेल. तुम्हाला फक्त तो वेगळ्या खोक्यात घालायचा आहे.

मला तुमची बाजू कळत नाही असं नाही. महिन्याला आर्म किती बनू शकतात याला मर्यादा आहे. सुटे विकले तर टर्नटेबलांना कमी पडतील. आपला सगळ्यात चांगला भाग आपणच दुसऱ्या टर्नटेबलवाल्यांना का द्यावा, हाही प्रश्न रास्त आहे. मी कारखान्यात असतो तर पहिल्या मुद्द्यावर तुमच्याच बाजूने बोललो असतो. घाईने संख्या वाढवली की पहिला बळी मोजमापाचा जातो. म्हणून मी संख्या वाढवा म्हणत नाही. वर्षातून एकदा ठरावीक आर्म काढा. आगाऊ पैसे घ्या. वर्षभर थांबायला लावा. आम्ही थांबू. वडिलांची पेटी माझ्याकडे आल्यापासून तिच्यातली प्रत्येक तबकडी धुऊन, पुसून नवीन पाकिटात घालायला मला तीन वर्षं लागली. या नादातल्या लोकांना थांबण्याची सवय आहे.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र माझं मत तुमच्याविरुद्ध आहे. आजही कुठल्याही जुन्या टर्नटेबलचा आर्मबोर्ड, म्हणजे आर्म बसवायची फळी, करून घ्यायला गेलात तर कारागीर आधी विचारतो, "एसएमईचं कटिंग का?" ती लांबट, दोन्हीकडे गोलाई असलेली खाच, जिच्यात आर्मचं बूड पुढे-मागे सरकवून अंतर जुळवता येतं. आर्मच्या पुढच्या टोकाचा चार पिनांचा जोड, जो जगात एसएमईच्याच नावाने ओळखला जातो, तो जपानी कारखान्यांनी उचलला आणि टेक्निक्सच्या १२०० वर आजही तोच आहे. हे सगळं घडलं ते आर्म सुटा विकला जात होता म्हणून. गेल्या तीन वर्षांत नव्याने टर्नटेबल घेणाऱ्या पोरांना एसएमई हे नाव फक्त जुन्या वस्तूंच्या जाहिरातीत दिसतं. तुमचं पूर्ण टर्नटेबल त्यांच्या आवाक्यात यायला वीस वर्षं जातील. तोवर नाव त्यांच्या ओळखीचं राहायला हवं ना?

आणि अशी पोरं भरपूर आहेत. अमेरिकेत २०२२ मध्ये ४ कोटी १० लाख रेकॉर्डी विकल्या गेल्या आणि ३ कोटी ३० लाख सीडी. रेकॉर्डी सीडीच्या पुढे गेल्या त्या १९८७ नंतर पहिल्यांदा. येत्या शनिवारी, २२ तारखेला, जगभरच्या दुकानांत रेकॉर्ड स्टोअर डे आहे. आमच्याकडे जुन्या बाजारात रविवारी सकाळी जा. पूर्वी तिथे माझ्या वयाचे चार-पाच जण वाकून तबकड्या चाळत असायचे. आता कॉलेजची मुलं-मुली उकिडवी बसलेली दिसतात आणि लेबलवरचं नाव वाचून एकमेकांना विचारतात, हे कोण होते? परवा एका मुलीने मला हिराबाईंबद्दल विचारलं. मी तिला घरी ऐकायला बोलावलं, ती आईला घेऊन आली. तीन तास बसल्या दोघी.

त्या दिवशी जे झालं त्यावरून माझी दुसरी मागणी निघते. तिला आधी एलपी ऐकवली, मग ७८ ची तबकडी. या दोन्हींची खाच वेगळी असते. एलपीची सुई टोकाला साधारण १८ मायक्रॉनची. ७८ च्या रुंद खाचेला ६५ ते ७५ मायक्रॉनची लागते. बारीक सुई तिथे तळाशी घासत जाते आणि गाण्याऐवजी खरखर उचलते. म्हणजे तबकडी बदलली की सुई ज्यात बसते ते कार्ट्रिज बदलायचं. माझ्याकडच्या जुन्या ३००९ वर हे काम अर्ध्या मिनिटाचं आहे: कॉलर फिरवली, कार्ट्रिज धरणारं हेडशेल काढलं, दुसरं लावलं, भार बदलला. हे सुख एसएमईने १९५९ मध्येच दिलं होतं. सीरिज पाच हा अद्भुत आर्म आहे, मॅग्नेशियमची एकसंध ओतीव नळी, डोकंसुद्धा तिच्यातच. पण त्याच एकसंधपणामुळे रोज कार्ट्रिज बदलणाऱ्याच्या तो कामाचा नाही. आपल्या देशात ७८ च्या तबकड्या विलायतेपेक्षा उशिरापर्यंत निघत होत्या, आणि नाट्यसंगीताचा, खयालाचा केवढा तरी ठेवा फक्त त्यांच्यावरच आहे. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स १९९० पासून हा ठेवा सांभाळायचं, त्याबद्दल लिहायचं काम करते आहे. अशा संग्राहकांना काढत्या हेडशेलचा, दोन्ही जातीच्या तबकड्या वाजवणारा, बारीक भारापासून चार-पाच ग्रॅमपर्यंत जाणारा आर्म लागतो. पुण्याच्या मालकाला ही गरज लंडनच्या मालकापेक्षा लवकर कळावी, असं मला वाटतं.

आता माझ्या ३००९ बद्दल. तो मी एका विक्रेत्याकडून जुना घेतला. त्याने "एकदम ओके" सांगितलं होतं. घरी आणून उघडला तर धार खराब निघाली. या आर्मचं वरखाली होणं सोनाराच्या काट्यासारखं असतं: बेअरिंग नाही, एक धार एका खोबणीत टेकलेली. घर्षण जवळजवळ शून्य. काही आर्ममध्ये धारेचा तो तुकडा नायलॉनचा आहे, आणि चाळीस-पन्नास वर्षांत नायलॉन दबतो. माझा दबला होता. आर्म डुलायचा आणि तार सप्तकात स फाटायचा. मी एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये पितळेचा तुकडा करून बसवला. चौथ्या खेपेला जमला. पण कोन मी अंदाजाने घेतलाय, कारण ड्रॉइंग माझ्याकडे नाही. जगभरात कितीतरी कारागीर असेच तुकडे बनवून विकताहेत, प्रत्येकाचं माप निराळं. हे बघून जीव तुटतो. ज्या कंपनीने मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजला, तिच्या आर्मच्या काळजाचा भाग लोक डोळ्याच्या अंदाजाने घासताहेत. नवा आर्म सुटा द्यायला वेळ लागणार असेल तर निदान जुन्या ३००९ आणि ३०१२ साठी हा एक तुकडा, हेडशेलच्या कॉलरचा जोड आणि आर्म मध्याकडे ओढला जाऊ नये म्हणून टांगलेल्या बायसच्या वजनाचा दोरा एवढं मूळ मापात विकायला काढा. तेही शक्य नसेल तर ड्रॉइंग खुलं करा. पिंपरी-भोसरीत असे टूलरूम आहेत की ते बघून दोन दिवसांत हजार तुकडे मायक्रॉनमध्ये काढून देतील.

आणि अजून एक सुचवतो, धीटपणा वाटला तर माफ करा. आर्मची जोडणी स्टेनिंगमध्येच राहू दे. त्या हातांना हात लावू नका. पण क्षमता हाच अडसर असेल तर सुट्या भागांचं, हेडशेलचं, आर्मबोर्डांचं काम पुण्याला द्यायचा विचार करा. केडन्सचे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर पुण्याचेच ना? वाहनांची इंजिनं, विमानांचे भाग बनवणारं हे शहर आहे. माझ्या ओळखीचे तीन जण निवृत्तीनंतर घरी बसलेत, ज्यांनी आयुष्यभर पाच मायक्रॉनच्या आत काम केलं. त्यांच्याकडून शिकायला चार मुलं ठेवली तर त्यांचं कसब पुढच्या हातांत जाईल, आणि जेल्कोसारखी वेळ आपल्यावर येणार नाही.

गॅरार्ड ३०१ मला दोन वर्षांपूर्वी एका जुन्या ध्वनिमुद्रण स्टुडिओच्या सामानातून मिळालं. मोटर काढून तेलात ठेवली, रबराचं चाक नवीन केलं, आता घड्याळासारखं चालतं. त्याचं लाकडी बूड सागवानात करून घेतलंय आणि आर्मबोर्डवर एसएमईचं कटिंग आधीच मारून ठेवलंय. एका बाजूला पितळी धारेचा तो ३००९ बसवलेला आहे, तो ७८ साठी. दुसऱ्या बाजूची खाच मोकळी आहे, तिच्यावर धूळ बसू नये म्हणून मी पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवलाय. आगाऊ पैसे भरायची वेळ आली की यादीत माझं नाव घ्या. वेळ मिळाला तर एखाद्या रविवारी सकाळी ऐकायलाही या. चहा होईल, आणि खाँसाहेबांची ओडियन वाजवून दाखवीन.

आपला नम्र,
पुण्यातला एक निवृत्त टूलरूम कारागीर